ॲम्ब्रोजने रंगवलेला पट्टा

"उभी काय राहिलीस? भिंत भिजव!" मुकादम टॅपसेल खेकसला.

केझाया पेलिंगने गरम पाण्याची बादली दाणकन आपटली. ब्रायटनच्या या राजवाड्यात ती खळ शिजवायची. हा निळा चिनी कागद भिंतीला चढला, तेव्हाही खळ तिचीच होती. आता युवराजांना निळ्याचा कंटाळा आला होता. त्यांना लाल हवा होता, सोनेरी ड्रॅगनसकट, म्हणून हा भिजवून उतरवायचा होता. गावात लोक पावाला महाग झालेले, आणि इथे भिंतींचे चोचले!

चीनहून आलेला कागद तेव्हा एका पट्ट्याने कमी पडला होता. तो तिच्या नवऱ्याने, ॲम्ब्रोजने, इथेच रंगवून हुबेहूब जुळवला. अख्खा हिवाळा, ओल्या खोलीत, शेकोटीशिवाय. का, तर धुराने कागद काळवंडेल. कागद काळवंडला नाही. ॲम्ब्रोज मात्र खोकून खोकून मेला. त्या पट्ट्यावर नदीकाठी एक चिनी बाई बसली होती, आणि तिची हनुवटी केझायाची होती.

"मुकादम, तेवढा एक पट्टा मला द्या हो."

"राजवाड्यातली चिंधीसुद्धा नोकरांच्या घरी जात नाही, ठाऊक आहे ना? अस्सल पट्टे लेडी हॉथर्नना भेट जायचेत. तुझ्या नवऱ्याचा नकली तेवढा जाळायचा. बाईंच्या घरी इंग्लिश माल गेला, तर माझी नोकरी जाईल."

केझायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकली! त्या कागदापायी माणूस गेला, आणि हा मेला म्हणतो नकली!

पट्टे सोडवून जमिनीवर वाळत घातले. सगळ्यांना मागून एकसारखंच अस्तर, त्यामुळे पाठीवरून ओळखायची सोय नव्हती. टॅपसेल त्यांच्याभोवती दोनदा फिरला, मग डोकं खाजवत तिच्याकडे वळला.

"यातला ॲम्ब्रोजचा कुठला गं?"

केझायाने मोराच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "हा."

"नक्की?"

"नवऱ्याचा हात ओळखणार नाही का मी?"

नदीकाठची बाई मेणकापडात गुंडाळून बग्गीत चढली. आता ती पुन्हा कधी दिसणार नव्हती. नाही दिसली तरी चालेल, पण या लोकांच्या हातून जळणार तर नाही, केझाया मनात म्हणाली.

मोराचा पट्टा टॅपसेलने तिच्याच चुलीत कोंबला आणि तो निघून गेला. मोराची पिसं एकेक करून पेटू लागली. प्रत्येक पीस केसाएवढ्या बारीक कुंचल्याने काढलेलं होतं. तिकडे चीनमध्ये, कँटनला, तेही कुणीतरी पाठ मोडून काढलं असणार, आणि त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल. हे आधी तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने घाईघाईने चिमटा आत घातला, पण हाती फक्त राख आली.