पाठमोरे भावोजी

भावोजींचं बॅग दुरुस्तीचं दुकान बसस्टँडच्या दारासमोर आहे. म्हणजे दुकान अजून तिथेच आहे, स्टँड तेवढा गेला. पार गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला. पूर्वी बसमधून उतरलेले दहा-बारा जण तरी रोज, कुणी चाक निघालेली, कुणी चेन उघडी पडलेली बॅग ओढत सरळ भावोजींच्या दारात यायचे. आता समोर पत्र्याचं कुंपण आहे आणि त्याच्या सावलीत एक कुत्रं झोपतं. त्याच्याकडे बॅग नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, भावोजींना तीन महिन्यांची मुदत दिली. तिच्या ओळखीने त्यांना एका गोदामात नोकरी मिळत होती. आलेली खोकी बघायची आणि कागदावर खुणा करायच्या. "तीन महिन्यांत गिऱ्हाईक परत आलं नाही, तर दुकान बंद आणि एक तारखेपासून गोदाम," ती म्हणाली. ताई कधी आवाज चढवत नाही, तारीख सांगते. भावोजी "बरं" म्हणाले, आणि तेव्हापासून जेवताना त्यांची नजर ताटातून वर येईना. मला ते बघवेना. बॅग दारात ओढत आणली की नुसत्या आवाजावरून कुठलं चाक गेलंय ते सांगणारा माणूस, तो खोक्यांवर खुणा करत बसणार? माझं डोकंच फिरलं.

"आपण व्हिडिओचं चॅनल काढू," मी जाहीर केलं.

माझा अनुभव विचाराल तर मी दाताच्या दवाखान्यात बसून पेशंटची नावं पुकारते आणि पेशंट नसले की मोबाईलवर व्हिडिओ बघते. पण मी म्हणते, बघणाऱ्याला काय हवं ते बघणाऱ्यालाच कळणार ना?

पहिलं भांडण नावावरून झालं. भावोजींना दुकानाचंच नाव हवं होतं, 'प्रगती बॅग व प्रवास साहित्य दुरुस्ती केंद्र'.

"भावोजी, ज्याच्या बॅगेतून कपडे बाहेर येतायत तो प्रगती शोधत नाही," मी म्हणाले. "तो लिहितो, 'बॅगेची चेन बंद होत नाही, काय करू'."

"मग तेच नाव ठेव चॅनलला!" भावोजी फुरंगटले.

शेवटी चॅनलचं नाव 'बॅगवाले भावोजी' ठरलं आणि माझं ते चेनचं वाक्य पहिल्या व्हिडिओचं शीर्षक झालं. ताईने नाक मुरडलं. "हे साऱ्या जगाचे भावोजी कधीपासून झाले?"

मी डिंकाच्या डब्यांवर मोबाईल टेकवला आणि चित्रण सुरू केलं. भावोजी इतकं छान बोलले की मी बघतच राहिले. "चेन बिघडत नाही हो, बिघडतो तो रनर," त्यांनी चेनवर मागेपुढे सरकणारा तो चिमुकला धातूचा तुकडा दाखवला. "वापरून वापरून हा सैल होतो, मग दात जुळत नाहीत. याला दोन्ही बाजूंनी हलकं दाबायचं. हलकं म्हणजे किती, तर आता बघा..." असं म्हणून त्यांनी पक्कड उचलली आणि गर्रकन पाठ फिरवली. मोबाईलमध्ये नुसता चौकड्यांचा शर्ट. दहा सेकंदांनी ते वळले, चेन सर्रकन बंद केली आणि हसून म्हणाले, "झालं!"

मला वाटलं, उजेडासाठी वळले असतील. व्हिडिओ टाकला. बासष्ट वेळा बघितला गेला, त्यातल्या चाळीस वेळा मीच बघितला होता. खाली एकाने लिहिलं, 'शर्ट मस्त आहे, पण केलंत काय?'

मी हार मानणाऱ्यातली नाही. सुरुवातीची 'नमस्कार मंडळी' वगैरे लांबण कापली आणि पहिल्याच क्षणाला आ वासलेली बॅग दाखवली. व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर मोठ्या अक्षरांत चारच शब्द ठेवले. वर्णनात लोक जे जे लिहून शोधतील ते सगळं भरलं. चेन, रनर, चाक, दांडा, शाळेची बॅग, प्रवासाची बॅग. प्रत्येक व्हिडिओखाली दुकानाचा फोन नंबर. बुधवारी आणि शनिवारी नवा व्हिडिओ, म्हणजे न चुकता. दीड-दोन महिन्यांत बघणारे शेकड्यांत गेले. फोन मात्र एकही नाही.

मग मला चॅनलच्या आतल्या पानावर एक आलेख सापडला. लोक कुठपर्यंत बघतात आणि कुठे सोडून जातात, ते तो दाखवतो. आमची रेघ टेबलासारखी सपाट जायची आणि एका जागी टेबलाच्या कडेवरून पेला पडावा तशी खाली. मी एकेक व्हिडिओ काढून ती जागा बघितली. सगळीकडे चौकड्यांचा शर्ट.

मी दुसऱ्या दिवशी गुपचूप मोबाईल मागच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला ठेवला. आता वळा म्हटलं, कुठे वळता ते! भावोजींनी पक्कड उचलली, वळले, फळीवरचा मोबाईल दिसला, आणि तसेच पुढे फिरून त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं. ती सगळी कला समोरच्या कुत्र्याने बघितली.

"भावोजी!" मी किंचाळलेच. "पंचवीस दिवस राहिलेत आणि तुम्ही काय फुगडी घालताय?"

ते स्टुलावर बसले. पक्कडीच्या तोंडाला गुंडाळलेलं सायकलच्या ट्यूबचं रबर बोटांनी सारखं करत राहिले. "माझ्याच्याने होत नाही गं," ते म्हणाले. "वस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दाबताना गिऱ्हाइकाकडे पाठ करायची. हात दिसता कामा नये. सहा वर्षं त्यांच्याकडे होतो, त्यांनी एकदाही समोरून दाबलं नाही. मी शब्द दिलाय त्यांना. आणि लोकांना सगळं दिसलं तर ते दुकानात येतील कशाला?"

चिडून मी रनर सोडून दोन आठवडे नुसते चाकांचे व्हिडिओ टाकले. चाकं कोण बघतं! मुदतीला अकरा दिवस उरले तेव्हा मी भावोजींच्या जुन्या वहीतून वस्तादांचा नंबर शोधला. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर 'नको' म्हणाले असते. वस्ताद ऐंशीच्या पुढचे, आता लेकीकडे राहतात. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी मला त्याचं काम दाखव. चेहरा दिसतो त्या फोनवर."

सकाळी माझा मोबाईल चित्रण करत होता आणि त्याच्या शेजारी ताईच्या मोबाईलवर वस्ताद अवतरले, पांढऱ्या मिशा आणि अर्धं कपाळ. भावोजी ताडकन उठून उभे राहिले. ते रागाने माझ्याकडे बघत होते, पण वस्तादांसमोर मला बोलणार काय?

"बस. रनर दाब," वस्ताद म्हणाले.

भावोजींनी पक्कड उचलली. खांदा वळायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. माझ्या मोबाईलकडे पाठ करावी तर वस्ताद शेजारीच होते, म्हणजे पाठ त्यांनाही झाली असती. आणि वस्तादांना पाठ दाखवणं भावोजींच्या हातून सात जन्मांत झालं नसतं. शेवटी त्यांनी बॅग समोर ओढली आणि साऱ्या जगादेखत रनर दाबला. डावीकडून थोडा, उजवीकडून थोडा, मग चेन ओढून बघितली, मग अगदी केसभर पुन्हा. मीसुद्धा ते पहिल्यांदाच बघितलं. बोटं किती हळुवार होती, काय सांगू!

"चांगला झालाय हात," वस्ताद म्हणाले. "आता ऐक. मी पाठ फिरवायचो ती काही लपवायला नव्हे. कुणी बघत असलं की माझा हात थरथरायचा. सुरुवातीला एका बाईसमोर तिची नवी बॅग मोडली होती. तुला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून नियम करून सांगितला."

भावोजींनी पक्कड खाली ठेवली.

"आणि लोक बघून शिकतील म्हणून घाबरतोस?" वस्ताद हसायला लागले, सगळ्या मिशा हलल्या. "नुसतं बघून जमत असतं, तर तुला सहा वर्षं कशाला लागली असती रे?"

त्या व्हिडिओत मी एक सेकंदही कापला नाही. त्या दिवशी आलेखाची रेघ टेबलावरून पडलीच नाही, शेवटपर्यंत सपाट गेली. चौथ्या दिवशी दुकानाचा फोन वाजला, तेव्हा भावोजींनी दोन वेळा "कोण हवंय?" म्हणून विचारलं. फोन करणाऱ्याला हवे होते भावोजीच. मग फोन थांबेचनात.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताई गोदामाचा अर्ज सहीसाठी घेऊन दुकानात आली. फोन काय, कुणीही करतं, असं तिचं म्हणणं. "दारात कोण आलंय ते सांगा," ती म्हणते तोवर दारात एक बाई भली मोठी निळी बॅग घेऊन उभी. दोन बस बदलून आली होती.

"तुमचा व्हिडिओ बघून घरी करायला गेले हो," ती ओशाळून म्हणाली. "रनरच मोडला."

तिच्यामागे एक गृहस्थ होते. त्यांचाही मोडला होता. आणि त्यांच्यामागे तीन बॅगा घेऊन एक आजोबा, कारण त्यांनी तिन्ही बॅगांवर प्रयोग केला होता. भावोजी हसता हसता डोळे पुसत होते. त्यांनी निळ्या बॅगेला नवा रनर चढवला, तो जरा सैल होता, म्हणून पक्कड उचलली. मी मोबाईल लावलेला नव्हता, वस्तादही नव्हते. सवयीने खांदा वळला. मग थांबला. त्यांनी पायाने शेजारचं स्टूल पुढे सरकवलं.

"इथे बसा," ते बाईंना म्हणाले, "इथून हात नीट दिसतो."

मला रडूच आलं, आणि ते लपवायला मीच पाठ फिरवली. समोर ताई होती. तिने हातातल्या अर्जाकडे पाहिलं, तो काउंटरवर पालथा घातला, माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आजोबांचं नाव लिहिलं.

"तीन बॅगा ना?" ती त्यांना म्हणाली. "एक तारखेला या."