लव्होनबाईंची सवत

मित्रांनो, अमेरिकेतल्या माँटानाच्या माळावरची मी एक म्हातारी डिझेल पिकअप गाडी. माझा घसा पहिल्यापासूनच घोगरा. मी सुरू झाले की खडखडाट पार कुंपणापलीकडे जातो. माझे मालक ऑर्व्हिल यांना मात्र तो आवाज फार आवडायचा.

हिवाळ्यात रोज सकाळी ते मला पहिल्या गिअरात टाकत आणि खुशाल मागे चढून गाईंना गवत लोटत. स्टिअरिंगवर कोणीच नसे. मी आपली मुंगीच्या पावलांनी एकटीच चालायची आणि गाई माझ्यामागे. त्यांतल्या कितीतरी जणी माझा आवाज ऐकतच कालवडीच्या गाई झाल्या.

खोटं कशाला बोलू, मी खर्चिक आहे. माझा एखादा भाग बिघडला की घरात आठवडाभर अबोला. मालकीणबाई लव्होन मला सवत म्हणायच्या.

"माझ्या गुडघ्यांना डॉक्टर नको, हिच्या पंपाला मात्र शहरातून मेकॅनिक."

मालक हसायचे. "अगं, ती आपल्या दोघांनाही पुरून उरेल."

थंडीत माझं इंजिन गारठू नये म्हणून रात्री त्यातल्या हीटरला विजेची वायर जोडावी लागते. तेही बाईंना खुपायचं.

मग मालकांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते इस्पितळात गेले. बाईंनी पेट्रोलची नवी गाडी आणली. ती गरीब, गोड आवाजाची, न कुरकुरता सुरू होणारी. मला गोठ्यामागे लावलं. वायर कोणी जोडली नाही. फार वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला?

वासरं नुकतीच जन्मली होती आणि हिमवादळाची वर्दी आली. अशा वादळात गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटतात, कुंपणाला अडतात आणि तिथेच बर्फाखाली जातात. त्यांना गोठ्यात आणायला बाई नवी गाडी घेऊन माळावर गेल्या. हॉर्न वाजवला, हाका मारल्या. गाईंनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. त्या गाडीशी त्यांची ओळखच नव्हती.

बाई परत येऊन तडक माझ्यात बसल्या. किल्ली फिरवली, पण मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी वायर जोडली आणि शेजारी उलट्या बादलीवर बसून राहिल्या. बर्फ पडू लागला होता. माझ्या बॉनेटवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "ऊठ गं बाई. जन्मभर तुझ्यावर जळले मी. आज तेवढी लाज राख."

पोटात ऊब उतरली तशी मी खोकले, धूर सोडला आणि खडखडत निघाले. माळावर पोचते तो गाई माझ्याकडे वळल्याच होत्या. वासरांना कुशीला घेऊन सगळ्या माझ्यामागे गोठ्यात आल्या.

मालक घरी आले तेव्हा स्वतःच चाचरत म्हणाले, "लव्होन, फार खर्च होतो हिचा. विकून टाकू या."

"आधी गाईंना विचार," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्या जिवाला खर्च येतोच. पण म्हणून त्याला थंडीत विसरू नका. बाई मला अजून सवतच म्हणतात. मात्र संध्याकाळ झाली की माझी वायर स्वतःच जोडतात, मालकांना हातसुद्धा लावू देत नाहीत.