उजवीकडे म्हणजे डावीकडे

माध्यमिक शाळेत नृत्य शिकवण्यासाठी शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा आमच्या भूगोलाच्या सरांनी सर्वांआधी नाव दिलं. आज परीक्षेचा पाठ होता. नापास झाले तर पुन्हा नुसते नकाशे.

सरांची अडचण एकच. तोंडाने 'उजवीकडे' म्हणतात आणि वळतात डावीकडे. सरावाच्या रांगेत ते रोज गणिताच्या बाईंना धडकत. घरी तर त्यांनी सांगितलेल्या दिशेने वळून बायकोने अर्धा संसार चुकीच्या गल्लीत केला होता.

प्रथमच नववीच्या मुलांकडे तोंड करून सर ओरडले, "पाऊल उजवीकडे!" आणि स्वतः डावीकडे सरकले. लक्षात येताच त्यांनी डोळे गच्च मिटले. उघडून पाहतात तर अख्खा वर्ग आरशासारखा त्यांच्याबरोबर सरकलेला!

प्रशिक्षिका टाळ्या पिटत उठल्या. "समोरून शिकवताना नेमकं हेच करायचं असतं! बाकीच्यांना घोकूनही जमेना. कुठे शिकलात?"

"घरीच. बोलणी खाऊन."

सरांनी लगेच बायकोला फोन लावला. "अगं, पास झालो! मुलं नाचतायत, बघायला ये. चौकातून उजवीकडे वळ."

"आलेच!" म्हणत ती धावत निघाली आणि चौकात बिनदिक्कत डावीकडे वळली.