मुलीचा सुमक

मुलीचा सुमक सकाळपासून सापडत नव्हता, आणि मोहलारोय सोडली तर घरात कोणालाच त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तशी ती वीतभर लाकडी नळी. बाळाला पाळण्यात बांधायचं, नळीचं तोंड बाळाला लावायचं आणि टोक गादीच्या भोकातून खालच्या मडक्यात सोडायचं. बाळ कोरडं, गादी कोरडी, आई झोपायला मोकळी. लेकीच्या, मुनिसच्या जन्मापासून लंगोट धुवून धुवून मोहलारोयच्या हातांची सालं निघाली होती. आजच्या पाळण्याच्या समारंभाकडे ती डोळे लावून बसली होती. अडचण एवढीच, की मुलग्याच्या सुमकाचं तोंड चिलमीसारखं गोल असतं आणि मुलीच्या सुमकाचं लांबट, पळीसारखं. देवानं केलेला हा फरक मार्गिलान शहरच्या सुतारांनी मान्य केला होता. मोहलारोयच्या सासूनं अजून केला नव्हता.

“ओयजान, माझ्या आईनं आणलेला सुमक कुठं ठेवलात?”

“असेल कुठंतरी. बाजारचं कच्चं लाकूड ते.” सासूबाई सबोहत यांनी रुमालातून एक काळीकुळकुळीत नळी काढली. “हा घे. जर्दाळूचा आहे. माझे तिन्ही मुलगे यावर वाढले. थोरला ताश्कंदला बँकेत आहे.”

“पण हा मुलग्यांचा आहे. मुनिस मुलगी आहे.”

“म्हणून काय ती बँकेत जाणार नाही?”

मोहलारोयनं कपाट उपसलं, तंदूरमागं पाहिलं, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात तिची आई झुम्रद हळूच जवळ आली. पाळण्याची मखमली गादी तिनं अधू डोळ्यांनी हिवाळाभर बसून शिवली होती.

“सापडला?”

“नाही गं.”

“मग माझ्या गादीचं काय होणार, ते तूच बघ,” आई म्हणाली. “पहिल्याच दिवशी डाग पडला, तर या बायका माझ्या तेराव्या पिढीपर्यंत सांगत बसतील.”

पुलाव उरकला होता. बायका पाळण्याभोवती दाटल्या. हजारो नव्हत्या, पण आवाज तेवढाच. हुजूर बुवी नावाच्या म्हातारीनं जर्दाळूची नळी काखेत धरून मुनिसला उचललं. गल्लीतली सगळी बाळं याच बुवीनं बांधलेली, आणि तिला ऐकू फक्त कौतुक येई. रीतीप्रमाणे तिनं बाळ आधी उलटं ठेवलं, डोकं पायाशी.

“असंच का गं?”

“नाही, नाही!” बायका ओरडल्या.

“नाही!” मोहलारोयही ओरडली. “बुवी, ती नळी नाही!”

“अगंबाई, सुनेला रीत पाठ आहे!” कोणीतरी कौतुकानं म्हणालं. बायका आणखी जोरात ओरडल्या. “नाही, नाही, नाही!”

बुवीनं बाळ सुलटं केलं, जर्दाळूची नळी लावली आणि पट्टे आवळले. “असंच का?”

“असंच, असंच!”

“नाही!” मोहलारोय पुन्हा म्हणाली.

“पोरी, आता हो म्हणायचं असतं,” शेजारीण कानात कुजबुजली.

सासूबाई पाळण्यावर खाऊ उधळायला पुढं सरसावल्या. डाव्या हातात बेदाण्यांची परात, उजव्या हातात नवी कोरी, लांबट तोंडाची पळी. त्या पळीला दांडा होता. दांडा पोकळ होता.

मोहलारोयनं पळीकडं पाहिलं. बायका सकाळपासून याच पळीनं बेदाणे घेत होत्या.

तेवढ्यात मुनिस कपाळाला आठ्या घालून गप्प झाली. ही शांतता मोहलारोयच्या ओळखीची होती. तिनं बुवीला बाजूला सारलं, पट्टे सोडले आणि लेकीला गादीवरून अलगद वर उचललं. समोर सासूबाई होत्या. त्यांनी घाबरून, हातात होतं तेच पुढं केलं.

सुमक उत्तम निघाला. लांबट तोंडातून एक थेंब इकडं तिकडं गेला नाही. सगळं नळीतून वाहत नीट सासूबाईंच्या रेशमी बाहीत उतरलं.

गादी कोरडी होती.

एका बाईनं तोंडातला बेदाणा हळूच रुमालात घेतला.

“नवा आहे हो तो!” मोहलारोय कळवळून म्हणाली. “आत्तापर्यंत कोणी वापरला नव्हता!”

कोणी विश्वास ठेवला नाही.

“विहीणबाई,” झुम्रद गादीवरून हात फिरवत म्हणाली, “कच्चं लाकूड, पण गळत नाही हं.”

सासूबाईंनी बाही पिळली. मग जर्दाळूची नळी उचलून रुमालात गुंडाळली. “ठेवते जपून. पुढच्या खेपेला.”

“धुऊन आण गं तो,” बुवी म्हणाली. सुमक धुतला गेला, मुनिस पुन्हा पाळण्यात गेली, पट्टे आवळले गेले.

“असंच का गं?”

या वेळी एकही बाई ओरडली नाही. सगळ्या मोहलारोयकडं पाहत होत्या. तिनं वाकून नळीत डोकावलं, केसातला आकडा काढला, आत अडकलेला बेदाणा बाहेर ओढला आणि सासूच्या परातीत ठेवला.

“आता असंच,” ती म्हणाली.