काडेपेटीएवढा पहिला भाग

मी एक जुने पुस्तक आहे. जुने आणि फार लहान. काडेपेटीत ठेवले तर मी सहज मावेन. मित्रांनो, एवढ्याशा पुस्तकाला सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटे. खरे सांगायचे तर पुष्कळ वर्षे मला काहीच वाटत नव्हते.

माझा जन्म हंगेरीतल्या सेगेड शहरात, तिसा नदीच्या काठच्या एका छापखान्यात झाला. तिथे एक म्हातारा जुळारी होता. मोहरीएवढे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, तो चिमट्याने उचलून एकेक ओळ जुळवायचा. श्वास जोरात सोडला तर ओळ विस्कटेल, म्हणून काम करताना तो बोलत नसे. त्याने छापलेली गोष्ट नदीत तरंगणाऱ्या पिठाच्या गिरणीची होती. गिरणी काठाला दोराने बांधलेली असते, तिच्यात गिरणीवाला, त्याची बायको, मुले आणि एक शेळी राहतात, आणि नदीला पूर येतो. दोर तुटतो तिथे पहिला भाग संपतो. तो मी. पुढची गोष्ट दुसऱ्या भागात. आम्हा दोघांना तांबडे कातडे होते, सोनेरी रेघा होत्या, आणि राहायला एकच डबी होती.

लढाईच्या दिवसांत आमचे घर तळघरात हलले. ओलीने माझी पाठ सुटली, पुठ्ठा गळून पडला. घरमालक कातडी हातमोजे शिवणारा होता. बाहेर बाँब पडत असताना त्याने एक तांबडा हातमोजा उसवला आणि त्याचे कातडे मला चढवले. सोनेरी रेघाही पुन्हा ओढल्या. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. बहुधा हातांना काहीतरी काम हवे होते. पुढे ते घर उठले. दुसरा भाग कुणाच्या तरी कोटाच्या खिशातून गेला. मी गुंड्यांच्या डब्यात पडलो आणि डब्याबरोबर जुन्या बाजारात आलो.

तिथे मला वेंडेल मास्तरांनी उचलले. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि छोटी पुस्तके जमवायचे. त्या काळी आमच्याकडे छोट्या पुस्तकांचे वेडच होते. शौकिनांचे मंडळ होते आणि ते दर गुरुवारी एका कॉफीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भरे. मास्तरांचा तिथला जिवलग मित्र म्हणजे दातांचे डॉक्टर ओट्टो. मास्तरांनी मला टेबलावर ठेवले तेव्हा डॉक्टर भिंग टाकून उठले आणि टोपी न घालताच घरी पळाले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत दुसरा भाग होता.

"आता हा मला देऊन टाक," मास्तर म्हणाले.

"का म्हणून? तूच तुझा दे की!"

"पहिला कधी दुसऱ्याकडे जातो का? दुसऱ्यानं पहिल्याकडे यायचं असतं."

"तुझ्याकडे आला की काचेच्या कपाटात जन्मठेप. माझ्या दवाखान्यात निदान चार माणसं बघतील."

"दाढ ठणकत असताना कोण पुस्तक बघतं रे?"

सगळी खोली हसली. दोघांपैकी कुणीच आपला भाग दिला नाही. पण दर गुरुवारी दोघेही आम्हाला खिशातून आणत, टेबलक्लॉथवर शेजारी शेजारी ठेवत आणि कॉफी संपली की आपापल्या घरी नेत. आमच्या आयुष्यातले हे दिवस चांगले होते, असे म्हणायला हरकत नाही.

मग गावच्या वाचनालयाने आमचे प्रदर्शन मांडले. आम्ही दोघे मधल्या पेटीत होतो. माहितीच्या पट्ट्या मास्तरांनी लिहिल्या होत्या. उद्घाटनाला बरीच माणसे जमली असताना डॉक्टर पेटीपाशी थबकले.

"मास्तर, हे तू लिहिलंस? 'दुसऱ्या भागाची बांधणी नंतरची'?"

"जे आहे ते लिहिलं. दोघांच्या लाल रंगात फरक आहे, दिसतोय ना? म्हणजे एक मूळ आणि एक नंतरचा."

"आणि नंतरचा नेमका माझा?"

"मग काय माझा?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. डॉक्टरांनी पेटीचे झाकण उचलले, दुसरा भाग खिशात घातला आणि ते निघून गेले.

मित्रांनो, नंतरचा मी होतो. मला ते पक्के ठाऊक होते. पण पुस्तकाला आपल्यावर छापलेले सोडून दुसरे काही बोलता येत नाही.

त्यानंतर डॉक्टर मंडळात आले नाहीत. दोघे एकाच गावात, एकाच ट्रामच्या रस्त्यावर राहत. समोरून आले तर एकजण पलीकडच्या फुटपाथवर जायचा. मी कपाटात बंद झालो. मास्तरांची बायको एतेल्का कधी कधी कपाट पुसताना विषय काढायची.

"जा ना एकदा. त्याचं दार वाजव."

"चुकलो असतो तर गेलो असतो."

"चुकलेल्यानंच जायचं असं कुठं आहे? मित्र म्हणून जा."

मास्तर वर्तमानपत्राचे पान उलटत. अशी वर्षे गेली. कपाटाखालीच घर गरम ठेवणारी शेगडी होती. माझे कातडे सुकत गेले. मला त्याचेही काही वाटेनासे झाले.

एके दिवशी एतेल्का पावाच्या रांगेतून घरी आली आणि पिशवी हातात तशीच धरून म्हणाली, "डॉक्टर गेला. परवाच गेला म्हणे."

मास्तर सूप पीत होते. त्यांनी आणखी दोन चमचे घेतले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

ते दफनाला गेले. एतेल्का बहिणीला फोनवर सांगत होती, की ते सगळ्यांत मागे टोपी हातात धरून उभे राहिले आणि कुणाशी न बोलता चालत घरी आले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची थोरली बहीण रोझालिया आली. डॉक्टरांनी लग्न केले नव्हते. घर तीच सांभाळायची. दारातच उभी राहून तिने रुमालाची पुरचुंडी पुढे केली.

"हे तुझ्याकडेच असू दे. मी काय करू याचं?"

"त्यानं... त्यानं सांगितलं होतं का, मला द्या म्हणून?"

"नाही रे. शेवटी तो काहीच बोलला नाही."

ती गेली. मास्तरांनी पुरचुंडी सोडली, दुसरा भाग माझ्याशेजारी ठेवला आणि कपाटाला कुलूप लावले. ज्या जोडीसाठी त्यांनी जीव टाकला होता, ती पुरी झाली. त्यांनी भिंग घेतले नाही, मंडळाला कळवले नाही. आम्ही दोघेही दोन विटा शेजारी ठेवाव्यात तसे उभे होतो. मला वाटले होते, दुसरा भाग जवळ आला की आत काहीतरी हलेल. काही हलले नाही.

त्या हिवाळ्यात शेगडी फार तापली आणि माझ्या कातड्याचा एक कोपरा उचलला गेला. मास्तरांनी गव्हाच्या पिठाची खळ केली, मला दिव्याखाली घेतले, कोपरा चिमट्याने धरला. मग त्यांचा हात थांबला. कातड्याच्या आतल्या बाजूला सुईच्या भोकांची बारीक रांग होती. ती पुस्तकाच्या काठाने जात नव्हती. वर जाऊन गोल वळून खाली येत होती.

"एतेल्का."

"काय झालं?"

"हातमोजा आहे हा."

"कोण?"

"हा. माझा. ही बघ बोटाची शिवण."

एतेल्काने ॲप्रनला हात पुसले, भिंगातून पाहिले आणि खुर्चीवर बसली. "म्हणजे डॉक्टरचा..."

"मूळ."

मास्तर रडले नाहीत. त्यांनी कोपरा नीट चिकटवला. मग नळाखाली हात धुतले आणि पाणी सुरूच ठेवून तिथे उभे राहिले. शेवटी एतेल्कानेच नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन ते रोझालियाकडे गेले. तिने भावाचा स्वेटर घातला होता, बाह्या दुमडून.

"चूक माझी होती," मास्तर दारातच म्हणाले. "ती पट्टी... ओट्टोचं पुस्तक मूळ होतं. नंतरचं माझं होतं."

"कसली पट्टी?"

"त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?"

"छे! विचारलं की म्हणायचा, मास्तरला हल्ली वेळ नसतो." ती बाजूला झाली. "आत ये. गुरुवारी कोट घालून खिडकीशी बसायचा बघ. कॉफीची वेळ टळली, की कोट काढून ठेवायचा."

मास्तर बसले. कुठे ठेवावे ते न कळल्यासारखे त्यांनी आम्हाला टेबलावर ठेवले. "हे दोन्ही तुम्ही ठेवा."

"मला नकोत. तो हात लावू द्यायचा नाही आणि आता मला दिसत नाही. काय आहे तरी त्यात? वाच."

मित्रांनो, मास्तरांना माझा कागद ठाऊक होता, खिळ्यांचा आकार ठाऊक होता. माझी गोष्ट त्यांनी कधी वाचली नव्हती. त्यांनी भिंग लावले आणि वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यांचा आवाज मुलांची हजेरी घेतल्यासारखा होता. दोर तुटला, मी संपलो, त्यांनी दुसरा भाग उघडला. पुरात गिरणी वाहत गेली. शेळी ओरडत राहिली. मग दोन गावे पुढे नदीच्या वळणावर गिरणी गाळात रुतली, काठावरच्या लोकांनी फळ्या टाकून सगळ्यांना उतरवून घेतले आणि माशांचे गरम सूप प्यायला दिले. शेवट.

"एवढंच?" रोझालिया म्हणाली.

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी तुम्ही दोघं..." ती उठून आत गेली आणि पोगाचाची बशी घेऊन आली. ही आमच्याकडची खारी बिस्किटे, चरबी घालून भाजलेली. "खा. गार झाली की दगड होतात."

मास्तरांनी एक तोंडात टाकले. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. त्यांनी ते पुसले नाही, खात राहिले.

"शेळीचं पुन्हा वाच," रोझालिया म्हणाली.

शेळी पहिल्यांदा येते ती माझ्यात. मास्तरांनी त्याच बोटांनी माझे पान उलटले. आजवर मला चिमट्याशिवाय कुणी उघडू नये म्हणून जपणारे मास्तर! पानावर तुपकट डाग पडला. त्यांनी तो पाहिला आणि पुढे वाचले.

आता आम्ही रोझालियाच्या टेबलावर असतो. मास्तर आणि एतेल्का रविवारी येतात, येताना कपाटातले आणखी एखादे पुस्तक आणतात. मंडळातले एक गृहस्थ मला पाहून हळहळले. म्हणाले, माल खराब झाला.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. पुस्तकांना शेगडीपासून आणि ओलीपासून जपा. हात धुऊन घेतलेत तर उत्तमच. पण त्यांना उघडा. आणि तुमचा कुणी मित्र रुसून खिडकीशी बसला असेल, तर चूक कुणाची ते नंतर बघता येईल, आधी त्याच्याकडे जा. मी पुस्तक आहे, मला अजूनही फारसे काही वाटत नाही. डाग पडला आहे तेवढ्या जागी मात्र माझा कागद सुकलेला नाही. तिथे तो मऊ आहे.