गळा सोळा, डोकं वीस

सॅम्पल रूममध्ये तिला नावानं कुणी हाक मारत नसे. कॉलेजातून तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला आली म्हणून ती ‘कॉलेज’. कॉलेज, दोरा दे. कॉलेज, जेवलीस का. पहिल्या आठवड्यात तिला राग आला, दुसऱ्यात सवय झाली, आणि तिसऱ्यात दुपारपर्यंत हाक आली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

कंपनी लहान मुलांच्या कपड्यांची, आणि नमुने याच खोलीत शिवले जात. पुढच्या हंगामाचे फ्रॉक कंपनी चालवणाऱ्या मॅडम गुरुवारी चार वाजता निवडणार होत्या, आणि त्यांत एक हिचा होता. इंटर्नशिपचे दोनच आठवडे उरलेले, त्यामुळे पुन्हा अशी संधी नव्हती. आईनं तर निवड झाल्यासारखं अख्ख्या नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं.

फ्रॉक पिवळा, सुती, धुऊन धुऊन मऊ झाल्यासारखा. गळ्याला बंद पट्टी. शिवला मावशींनी, तीस वर्षं एकाच मशीनवर बसलेल्या. शिवण्याआधी त्यांनी एकदा हिनं कागदावर काढलेल्या मापांकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं मशीन सुरू केलं. मग नऊ दिवस दुपारची सुट्टी खर्चून हिनं दोन्ही खांद्यांवरून पाठीकडे उतरणारी हिरवी वेल भरली. पुतळ्यावर फ्रॉक असा बसला की येणारा-जाणारा बोट लावून जाई.

पण पुतळ्याला मानेच्या वर काही नव्हतं.

मुंगीला होतं. मुंगी म्हणजे इस्त्रीवाल्याची चार वर्षांची लेक. माप बघायला दर गुरुवारी यायची. निवडीच्या दिवशी दीड वाजता तिनं हात वर केले, फ्रॉक डोक्यातून घातला, आणि तो भुवयांपर्यंत येऊन थांबला. वर ओढला तर कान अडले. आतून आवाज आला, अंधार झालाय. आणि मग हुंदका.

मावशी उठल्या. घाई न करता पिवळ्या गाठोड्याशेजारी बसल्या आणि गुणगुणल्या,

“अडलं ग पाखरू, कापडाच्या घरट्यात,
दार उघडीन मी, एका टाक्यात.”

हुंदका थांबला. मावशींनी पट्टीचा एक टाका उसवला, आणि लालबुंद कानांसकट मुंगी बाहेर आली. इस्त्रीवाला म्हणाला, डोकं माझ्यावर गेलंय, तुमच्या फ्रॉकचा दोष नाही.

कॉलेजनं टेप लावला. गळा सोळा इंच. मुंगीचं डोकं वीस.

“मावशी, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?”

“कळलं होतं.”

“मग शिवलात कशाला?”

“कागदावर होतं म्हणून. पहिला पीस कागदाबरहुकूमच शिवायचा, ही इथली रीत. मी हळूच गळा वाढवला असता तर हा फ्रॉक सुधारला असता ग, कागद चुकीचाच राहिला असता. त्याच कागदावरून पुढे पाचशे कापतात. तेव्हा पाचशे पोरी रडल्या असत्या.”

उपाय मावशींनी एका वाक्यात सांगितला: डावा खांदा उघडायचा आणि तीन बटणं लावायची. म्हणजे वेलीवरून कात्री. मावशींनी कात्री कॉलेजपुढे ठेवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिल्या. नऊ दुपारींची वेल. तिनं श्वास घेतला आणि कापली. मग आधी कागदावर जुना गळा खोडून नवा काढला. ते बघून मावशींनी बटणांची काजं करायला घेतली.

चार वाजता मुंगी मॅडमसमोर उभी राहिली. बटणं लावल्यावर वेल जुळत नव्हती. एक पान बोटभर सरकलं होतं. कॉलेजची नजर तिथंच अडकली. मॅडमनी ते पाहिलं आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मुंगीनं एक बटण काढलं. लावलं. पुन्हा काढलं. मदतीला आलेला मॅडमचा हात तिनं बाजूला केला.

“मी लावते. मला येतं.”

मॅडमनी हात मागे घेतला. मग त्यांनी विचारलं, हे खांद्यावरचं कुणाला सुचलं. कॉलेजनं सांगितलं की सुचलं मावशींना, चुकलं माझं, आणि सापडलं मुंगीच्या डोक्याला. मॅडम हसल्या. वेल उजव्या खांद्यापुरतीच ठेवा म्हणाल्या, आणि फ्रॉक निवडला. दोन ते आठ वर्षांची सगळी मापं सोमवारपर्यंत कागदावर हवीत.

आईला फोन करायचं तिला सुचलंच नाही. टेप घेऊन ती मुलांची डोकी मोजायला जवळच्या पाळणाघराची वेळ विचारत सुटली. वाटेत इस्त्रीवाल्याचं डोकं मोजलं, दारावरच्या पहारेकऱ्याचं टोपी काढायला लावून मोजलं, आणि मावशींपाशी येऊन थांबली.

“अग, हा फ्रॉक मी घालणार आहे का?”

“हाताला सवय लागू दे, मावशी.”

मावशींनी चष्मा काढला आणि लहान मुलीसारखी मान खाली केली. साडेबावीस भरलं. तिनं ते कागदाच्या कोपऱ्यात नीट लिहून घेतलं.