चपला भाईर

माझ्या दुकानाच्या दाराला दोन पाट्या. एक पोलिसांनी लावलेली: 'सुरक्षित आसरा. संकटातल्या बाईनं आत यावं.' दुसरी माझी: 'चपला बाहेर काढा.' पोलिसांची पाटी लागली तवा नारळ फुटला, फोटो निघाले, अन् मंग तिच्याखाली आसऱ्याला आलं ते एक खरजुलं कुत्रं. माझी पाटी मात्र सारं गाव पाळतं. साड्यांची पांढरी गादी हाये माझी. तिच्यावर कोणी चपलीसकट चढलं की ही बेबीनंदा त्याच्या सात पिढ्या उद्धरते, हे आष्टीपस्तोर ठाऊक हाये.

त्या दुपारी एक पोरगी धापा टाकत आत आली. कानातून रक्त, बाही फाटलेली.

"मावशी, ती भाईरची पाटी खरी हाये का?"

"खरी हाये. ये बाई, बस."

तृप्ती नाव तिचं. नवऱ्यानं विळा घेतल्ता, मागंच होता. तिला पडद्याआड, फॉल-पिकोच्या मशीनमागं बसवलं अन् पाटीवरचा नंबर लावला.

"गाडी जांबला बंदोबस्तात हाये. निघालोच. तिला बिलकुल भाईर काढू नका."

फोन ठेवला तं दारात माणूस. चपला काढून, हात जोडून, गोड हसत.

"मावशी, साड्या दाखवा. बायकोला घ्यायचीय."

बसताना त्याला नीट वाकता येईना. शर्टाखाली पाठीशी काहीतरी होतं. विळाच असणार तो. तरी एकेक घडी उलगडत गेले. तो काठ बोटानं चोळायचा, अन् नजर पडद्यावर. रेणुकाई, मनात म्हणलं, पोरीला खोकला येऊ देऊ नको गं.

"पसंत न्हाई पडली," म्हणत तो उठला, दारात गेला. माझा जीव भांड्यात पडला.

मंग तो चपला घालायला वाकला, अन् वाकलेलाच राह्यला. येताना त्याची नजर आत होती, आता खाली गेली. त्याच्या चपलांशेजारी दुसरा जोड होता, लाल पट्ट्याचा. अगं माय! जीव घेऊन पळत आलेली पोरगी, अन् माझ्या पाटीला भिऊन चपला काढून आत आल्ती.

त्यानं जोड उचलून माझ्या गादीवर ठेवला.

"या कोणाच्या, मावशी?"

"माझ्या."

"बराबर." पुन्हा हसला. "घालून दाखवा."

मी पाय घातला. टाच दोन बोटं भाईर राह्यली. रस्त्यावर हॉर्न वाजला, मी दाराकडं पाह्यलं. उसाचं ट्रॅक्टर होतं.

मागं हात करून त्यानं शटर ओढलं. दोन्ही पाट्या भाईर राह्यल्या. पडद्यामागून तृप्तीचा हुंदका ऐकू आला. मी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला अन् पडद्यापुढं उभी राह्यले.

"ये मुडद्या," म्हणलं, "पहिले माझ्याकडं ये."